मशेरीच्या डबीशेजारी

पहाटे 5:40

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि त्यानंतर अर्धा तास तरी चहा घ्यायचा नाही. सूचना एका ओळीची, पण ती अंगवळणी पडायला मला चार वर्षं लागली. गोळ्यांची बाटली आधी देवघरापाशी होती, मग उशाशी, मग फ्रिजवर. मोबाइलमध्ये गजर लावून पाहिला, तर हात झोपेतच तो बंद करायला शिकला. शेवटी बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत, आईच्या मशेरीच्या डबीशेजारी ठेवली. आई 78 वर्षांची आहे. ती चतुर्थी विसरेल, गॅस बंद करायला विसरेल, मशेरी विसरत नाही. डबी घ्यायला गेली की बाटली दिसते आणि तिथूनच ती हाक मारते, "गोळी घेतलीस का गं?" तेव्हापासून माझी एकही गोळी चुकलेली नाही.

सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमपीएच करणाऱ्या मुलामुलींना मी मानसशास्त्र शिकवते. माणसं कळत असूनही तशी वागत का नाहीत, हा माझा विषय. माझं औषधपाणी तंबाखूच्या आधारावर चालतं, हे मात्र मी वर्गात अजून सांगितलेलं नाही.

सकाळी 8:20

विद्यापीठ चौकाच्या अलीकडे स्कूटर अडकते. अडकतेच. त्या वेळात मी दुचाक्या मोजते. वीस मोजायच्या आणि हेल्मेट कुठे कुठे आहे ते पाहायचं. आज नऊ डोक्यावर, चार कोपरात किंवा आरशाला लटकलेली, सात जण उघडे. पुण्यात हेल्मेट हा कोपरात घालायचा दागिना आहे, हे बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यातच कळतं. मला उघड्या डोक्याच्या सातांपेक्षा या चौघांचं जास्त कुतूहल. यांनी पैसे मोजलेत, कायदा माहीत आहे, ओझं वागवायची तयारी आहे. फक्त वीतभर वर उचलायचं राहिलंय. पुढे पोलीस दिसला की तेही होतं, आणि पोलीस मागे पडला की पुन्हा कोपर.

हा गणेशखिंड रस्ता. 22 जून 1897 च्या रात्री, राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून गव्हर्नमेंट हाउसमधून परतणाऱ्या रँडवर इथेच गोळी झाडली गेली. ती झाडणारे चापेकर बंधू आपल्याला शाळेपासून पाठ असतात. पण रँड हा प्लेगच्या बंदोबस्ताचा प्रमुख होता, म्हणजे आजच्या भाषेत साथनियंत्रणाचा अधिकारी होता, हे माझ्या वर्गातल्या डॉक्टरांना सांगावं लागतं. घरोघर शिरणारे सैनिक, बायकांची तपासणी, रस्त्यावर काढलेलं सामान. रोगी वेगळे ठेवावेत, घरं स्वच्छ करावीत, हे कागदावर चुकीचं नव्हतं. त्याच वर्षी 10 मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने. शहर तेच, साथ तीच, दोन्ही तारखांत जेमतेम साडेतीन महिने. त्या गव्हर्नमेंट हाउसची इमारत आज सावित्रीबाईंचं नाव असलेल्या विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. मी तिथे शिकवत नाही, आमची संस्था आणखी पुढे आहे. पण अविश्वासाच्या धड्याला मी दरवर्षी वर्ग इथे आणते, रस्त्याच्या कडेला उभा करते आणि बोलते. रहदारीत अर्धं ऐकूच येत नाही, तरी परीक्षेत तेवढंच सगळ्यांच्या लक्षात असतं.

सकाळी 9:30

वर्गात 28 जण आहेत. एमबीबीएस चार, आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे मिळून सात, नर्सिंगच्या तिघी, समाजकार्याचे दोघे, एक फिजिओथेरपीची, बाकी सगळे दंतवैद्य. एवढे दंतवैद्य का, ते दंतवैद्यांनाच विचारा. सगळे हुशार आहेत, आणि सगळ्यांची एका गोष्टीवर श्रद्धा आहे. लोक चुकीचं वागतात कारण त्यांना माहीत नसतं, आपण सांगितलं की सुधारतील. या श्रद्धेचं नाव जनजागृती. म्हणून माझ्या टेबलावर एक पत्र्याचा डबा असतो. जो हा शब्द उच्चारेल त्याने पाच रुपये टाकायचे. सत्राअखेर त्यातून भेळ येते, आणि पोटभर येते.

आज आधी कागद वाटले. एका गावात अशी साथ येऊ घातलीय की 600 लोक दगावतील. दोन उपाय आहेत, एक निवडा. डावीकडच्या बाकांना मिळालेला कागद म्हणतो: पहिल्या उपायाने 200 जण नक्की वाचतील, दुसऱ्याने सगळे वाचण्याची शक्यता एक तृतीयांश आणि कोणीच न वाचण्याची दोन तृतीयांश. उजवीकडच्या कागदावर हिशोब तोच, शब्द वेगळे: पहिल्या उपायाने 400 जण नक्की मरतील, दुसऱ्याने कोणीच न मरण्याची शक्यता एक तृतीयांश, सगळे मरण्याची दोन तृतीयांश. हात वर करायला सांगितले. डावीकडे बहुतेकांनी खात्रीचा उपाय घेतला, उजवीकडे बहुतेकांनी जुगार. मग कागदांची अदलाबदल केली. वर्ग क्षणभर गप्प, आणि मग एकदम गलका. एका एमबीबीएसवाल्याने दोन्ही कागद शेजारी ठेवून तीनदा वाचले आणि म्हणाला, "मॅडम, ही फसवणूक आहे." मी म्हटलं, फसवणूक असेल तर ती 1981 पासून चालू आहे. टव्हर्स्की आणि कानमन यांनी हा प्रश्न छापला तेव्हा पहिल्या शब्दांत 72 टक्क्यांनी खात्रीचा उपाय निवडला होता, दुसऱ्या शब्दांत 22 टक्क्यांनी. आकडे वाचता येणं म्हणजे आकड्यांच्या तावडीतून सुटणं नव्हे. उद्या गावात जाऊन "अडाणी लोकांना कळत नाही" असं म्हणायच्या आधी हा कागद आठवावा, एवढाच माझा हेतू. तो मी बोलून दाखवत नाही. एकमेकांकडे बघून जे ओशाळं हसू उमटतं, ते पुरतं.

पुढे क्षयरोगाची मोटार. 1950 च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्यापुढे एक कोडं होतं. छातीचा एक्स-रे काढणाऱ्या गाड्या दारापर्यंत जातात, पैसे पडत नाहीत, तरी लोक येत नाहीत. ते सोडवायला खात्याने मानसशास्त्रज्ञ नेमले. त्यांतल्या हॉकबाउम यांनी तीन शहरांत लोकांना विचारून पाहिलं. आपल्याला काही त्रास होत नसतानाही क्षय असू शकतो, आणि तो लवकर कळला तर फायदा आहे, या दोन्ही गोष्टी मानणाऱ्यांपैकी 82 टक्क्यांनी आपणहून एक्स-रे काढला होता. दोन्ही न मानणाऱ्यांपैकी 21 टक्क्यांनी. इथूनच पुढे आरोग्यविषयक वागण्याचं ते प्रसिद्ध प्रारूप आलं, आणि त्यातले चौकोन नि बाण मुलं परीक्षेत फार सुबक काढतात. चौकोन आखता आले की माणूस समजला असं वाटायला लागतं, म्हणून मला ते चौकोन फारसे आवडत नाहीत.

"म्हणजे मॅडम, पटवून दिलं की झालं," लातूरचा आयुर्वेदवाला म्हणाला. "म्हणजे शेवटी जनजा..." आणि थांबला. अर्ध्या शब्दाला अडीच रुपये घ्यावेत का, यावर पाच मिनिटं गेली. पूर्ण पाच घेतले.

आणि मग मी त्याच्यासाठी राखून ठेवलेली गोष्ट काढली. 1965 चा लेव्हन्थल आणि सहकाऱ्यांचा प्रयोग. येल विद्यापीठातल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना धनुर्वाताची पुस्तिका वाचायला दिली. काहींना भयंकर वर्णनं आणि रंगीत छायाचित्रं, काहींना सौम्य मजकूर. घाबरलेल्यांनी लस घ्यायलाच हवी असं जोरात सांगितलं. प्रत्यक्ष टोचून घ्यायला मात्र भीती कामाला आली नाही. नुसती पुस्तिका वाचलेल्यांपैकी सुमारे 3 टक्के गेले. ज्यांना सोबत आवाराचा नकाशा दिला, त्यावर दवाखान्याभोवती गोल काढला होता, वेळा लिहिल्या होत्या आणि तुमच्या वेळापत्रकात तिकडून कधी जाता येईल ते बघा असं सांगितलं होतं, त्यांच्यापैकी सुमारे 28 टक्के गेले. शेवटच्या वर्षाची मुलं ती; दवाखाना कुठे आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

लातूरवाला बराच वेळ वहीत काही लिहीत होता. मग म्हणाला, "पण लाज? लाज वाटली तर बदलतात ना लोक?" गावात पहाटे उघड्यावर जाणाऱ्यांना अडवणारी गुड मॉर्निंग पथकं त्याला आठवत होती. कधी गुलाबाचं फूल हातात द्यायचे, कधी दंड करायचे. मी उत्तर द्यायच्या आत मागच्या बाकावरून नर्सिंगची मुलगी बोलली. ती एरवी बोलत नाही. "आमच्या आजीला फूल दिलं होतं, सर," ती म्हणाली. वर्गातल्या मुलालाही ती सर म्हणते. "मग ती पहाटे तीनला जायला लागली. अंधारात पाय मुरगळला तिचा." कोणी हसलं नाही. तास संपायला दहा मिनिटं होती, ती मी सोडून दिली.

दुपारी 12:45

मधे एक बैठक झाली, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. डबा मुलींबरोबर खाल्ला. गवारीची भाजी.

दुपारी 2:00

मानसिक आरोग्याचं प्रात्यक्षिक. नैराश्य चाळून काढण्याची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात, पीएचक्यू-9 नावाची, 2001 साली प्रसिद्ध झालेली. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, अजिबात नाही ते जवळजवळ रोज, प्रत्येकी शून्य ते तीन गुण, बेरीज 27 पर्यंत. मुलांनी ती आपापल्या बोलीत उतरवून आणायची होती. आणि तपासायला मी एका आशाताईंना बोलावलं होतं. खेड तालुक्यातल्या, पंधरा वर्षं काम केलेल्या. सकाळचं लसीकरण उरकून दोन एसटी बदलून आल्या. आल्या त्या थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. त्यांना पुढे आणायला दोन मुली पाठवाव्या लागल्या.

पहिलाच प्रश्न वाचला गेला: "कोणतीही गोष्ट करण्यात रस किंवा आनंद न वाटणे." ताई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, आमच्याकडच्या बाईला कशात रस आहे असं कुणी कधी विचारलेलंच नसतं. ती काय सांगणार?"

"मग तुम्ही कसं ओळखता, ताई?" फिजिओथेरपीच्या मुलीने विचारलं.

"झोप विचारते. झोप लागते का, भूक लागते का. मग ती म्हणते डोकं जड आहे, जीव घाबराघुबरा होतो, कशात मन लागत नाही, टेन्शन आहे. उदास बिदास नाही म्हणत कुणी. आणि सासू उंबऱ्यात बसलेली असती, तिच्यासमोर हे नऊ प्रश्न काढले तर उत्तर सासूच देणार. मी म्हणते, चल जरा बाळाचं वजन करू, काटा ओसरीवर आहे. तिथं बोलते ती."

वही उघडी असलेल्या प्रत्येकाने ओसरी हा शब्द लिहून घेतला. मी त्यांना गोव्यातल्या संगत संस्थेचं काम वाचायला देते. डॉक्टर नसलेले, प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक नैराश्यावर परिणामकारक काम करू शकतात हे त्यांनी शास्त्रीय चाचण्या करून दाखवलं. गडचिरोलीतल्या 'सर्च'चंही देते. अभय आणि राणी बंग यांच्या तिथल्या आरोग्यदूतांनी घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात बालमृत्यू निम्म्याहून खाली आले. 1999 मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जातात त्याचं मूळ तिथे आहे. हे सगळं मुलांनी वाचलेलं असतं. पण वाचलेलं माणूस होऊन समोर बसतं तेव्हा मुलं खुर्चीत पुढे सरकतात.

मग गाडी लोहाच्या गोळ्यांवर गेली. गरोदरपणात रोज एक याप्रमाणे 180 गोळ्या मिळतात, आणि बऱ्याच फडताळात पडून राहतात. बाळ काळं होतं, फार मोठं होतं, मळमळतं. एका दंतवैद्याने विचारलं, हे गैरसमज तुम्ही कसे दूर करता?

"मी नाही करत दूर," ताई शांतपणे म्हणाल्या. "वाद घालत बसलं तर दार लावून घेतात. मी गोळ्या देतानाच सांगते, शी काळी होईल बरं का, घाबरू नकोस, गोळी लागू पडल्याची खूण आहे. मग चार दिवसांनी तीच सांगत येते, ताई, तुम्ही म्हणाला तसंच झालं. आणि रात्री जेवून घे म्हणते, म्हणजे मळमळ झोपेत जाते."

काळी शी एरवी गोळी थांबवायचं कारण ठरते. ताईंनी आधीच बोलून तिचा पुरावा केला. मी वीस वर्षं शिकवतेय, माझ्या टिपणांत हे नव्हतं. आता आहे.

निघताना ताईंना डब्याचा नियम कळला आणि त्या खो खो हसल्या. "अहो, आमच्या रजिस्टरात जनजागृतीचा रकानाच आहे. रोज भरावा लागतो. मला तर मानधन उरायचं नाही."

दुपारी 4:15

सोलापूरची दंतवैद्य मुलगी प्रबंधाची प्रश्नावली घेऊन आली. विषय मशेरी. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, कुटायचं आणि बोटाने दाताला, हिरड्यांना लावायचं. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, बायकांमध्ये 17 टक्के, आणि बायकांचा तंबाखू बहुतेक धुराविना. म्हणजे विषय चांगलाच आहे. प्रश्न 42 आहेत. प्रश्न 17: "मशेरीमुळे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो हे आपणांस माहीत आहे काय? हो / नाही."

"पांढरा कोट घालून विचारणार?" मी विचारलं.

"ओळखपत्र तरी लागेल ना, मॅडम."

"मग सगळ्या हो म्हणतील."

"हो म्हणाल्या तर ज्ञानाचं प्रमाण चांगलं आलं असं लिहिता येईल," ती म्हणाली, आणि वाक्य पुरं होता होता तिलाच हसू आलं. तिला रागावण्यात अर्थ नव्हता. ज्ञान, वृत्ती, आचरण अशा तीन खान्यांचे प्रबंध आमच्याकडे कपाटं भरून आहेत, त्यांतले काही माझ्या मार्गदर्शनाखालचे आहेत. ज्ञान भरपूर, वृत्ती अनुकूल, आचरण असमाधानकारक. शिफारस काय, ते डब्याला ठाऊक. प्रश्नावली बघते म्हणून ठेवून घेतली.

सायंकाळी 5:35

सकाळी फसवणूक म्हणणारा एमबीबीएसवाला दारात उभा होता. हजेरीचं काहीतरी विचारायला आला होता, ते विचारून झालं तरी जाईना. कसा आहेस म्हटलं, तर ठीक म्हणाला. मी विचारलं, "झोप लागते का?"

तो बसला. पुढचा पाऊण तास इथे लिहायचा नाही.

मी मानसशास्त्र शिकवते, उपचार करत नाही, हे मी त्याला सांगितलं. टेलिमानसचा 14416 हा क्रमांक वर्गाबाहेरच्या फलकावर वर्षभर लागलेला आहे, रोज त्याच्यासमोरून तो जातो. म्हणून नुसता क्रमांक दिला नाही. जिना उतरून समुपदेशकांच्या खोलीपर्यंत दोघं चालत गेलो. खोली बंद झाली होती, पण दार कुठलं ते त्याने पाहिलं. तिथेच उभं राहून फोन लावला, मंगळवारी 11 ची वेळ घेतली. त्याचा 12 ला तास असतो, वरच्याच मजल्यावर.

रात्री 9:20

जेवणं झाली. उत्तरपत्रिका काढल्या आणि परत ठेवल्या. मग सोलापूरकरणीची प्रश्नावली घेऊन आईपाशी बसले.

"आई, एक मुलगी मशेरीवर अभ्यास करतीये. तिचे प्रश्न आहेत, उत्तरं देतेस?"

"इचार की."

वय, शिक्षण, व्यवसाय झाले. प्रश्न 17 वाचला.

"म्हाईत हाय. व्हय लिव्ह. फुडं."

"वेष्टनावरची इशाऱ्याची चित्रं पाहिली आहेत का?"

"कसलं वेष्टन?"

तंबाखूच्या पाकिटावर 85 टक्के जागा इशाऱ्याला द्यायचा नियम 2016 पासून आहे. मी तो दरवर्षी शिकवते, त्यावर दहा गुणांचा प्रश्न काढते. आई बाजारातून सुटी पानं आणते, आठ-पंधरा दिवसांनी तव्यावर भाजते, घरभर ठसका होतो, मी खिडक्या उघडते. तिच्या डबीला वेष्टन नाही. डबी कुंकवाची आहे. माझ्या डोळ्यांसमोर इतकी वर्षं असून मला हे दिसलं नव्हतं. मी प्रश्नापुढे रेघ मारली आणि समासात लिहिलं.

"तू कधीपासून लावतेस गं?" हा प्रश्न यादीत पुढे होता, पण मी आपला विचारला.

"लगीन झाल्यावर. सासूबाय लावायच्या, जावा लावायच्या. पहाटं जात्यावरनं उठलं का पाण्याला, पाण्यावरनं शेणाला, मग भाकरी, मग रान. मशेरी घिऊन दारात बसलं का तेवढ्यापुरतं कुणी उठवायचं न्हाय. सासूसुदिक. तोंडात मशेरी हाय म्हटल्यावर बोलायचं बी नसतंय. दोन घटका गप बसून ऱ्हायाचं." ती थोडी थांबली. "आता तर काय, कोण उठवतंय. पन हात जातोय."

समास भरला, म्हणून मी कागद उलटून मागच्या कोऱ्या बाजूला लिहीत राहिले. सोलापूरकरणीला 42 पैकी कोणते प्रश्न खोडायचे ते उद्या सांगायचं आहे. तिला एखाद्या पहाटे आमच्याकडेच बोलावावं का? येताना कोट आणू नकोस म्हणावं.

"झालं का तुझं?" आई उठली. "आन् ती तुझी बाटली जरा पल्याड सरकीव. डबी काढाया गेलं का मधी येती."

बरं म्हटलं, आणि बाटली होती तिथेच ठेवली.